म्हाळूचे दुसरे बारसे

मार्गशीर्ष महिन्यातील ती पहाट सोनकडा किल्ल्यावर उगवली तेव्हा खालचे खोरे धुक्याने काठोकाठ भरले होते, नगारखान्यातला नगारा दवाने ओला होऊन ढप्प वाजत होता, आणि गडाच्या उत्तरेकडील महादरवाज्याच्या देवडीत, विझत आलेल्या शेकोटीपाशी, एकच पहारेकरी जागा होता. एरवी या दरवाज्यावर आठ जणांचा पहारा असे. त्या दिवशी सात जणांना हवालदाराने 'दक्षिण बुरुजाखाली हालचाल दिसते' असे सांगून तिकडे पिटाळले होते; आणि किल्लेदार सिधोजीराव इंगवले तर दोन दिवसांपूर्वीच, दरबारचा तातडीचा खलिता आला म्हणून, तीनशे स्वारांनिशी गड उतरून गेले होते. खलिता बनावट होता, त्यावरचा शिक्का बनावट होता, आणि हवालदार विकला गेला होता. तोफांनी पडलेले गड थोडे. बहुतेक गड असेच जातात, घरच्याच माणसाने तोंड फिरवले म्हणून.

या कारस्थानामागे रायाजीराव चवरे होता. एकेकाळचा दरबारचा मानकरी, जहागीर जप्त झाल्यावर पाचशे लुटारूंचा धनी झालेला. त्याच्यापाशी तलवारी होत्या, बंदुका होत्या, पण त्याचे खरे हत्यार वेगळेच होते. त्याला तो कौतुकाने 'चिमणपथक' म्हणे. सात-आठ वर्षांची पोरे तो खेड्यांतून उचलून नेई, गुळात अफू कालवून त्यांना चारी, वाढू नयेत म्हणून अर्धपोटी ठेवी, आणि तटाच्या सांडपाण्याच्या मोरीतून एकेकाला आत सोडून दरवाज्याचा अडसर काढवून घेई. मोरीत अडकलेले पोर तिथेच राही. काम फत्ते करून आलेल्याला गुळाचा आणखी एक खडा मिळे. असल्या माणसाला मुत्सद्दी म्हणणारेही लोक असतात, म्हणोत बापडे.

त्या पहाटे सोनकड्याच्या मोरीतून जो पोरगा सरपटत वर आला, त्याला पथकात सगळे 'चिमण्या' म्हणत. वय चौदा, पण अंगाने दहाचा वाटावा असा. गेल्या सहा वर्षांत त्याने किती अडसर काढले होते ते त्याचे त्यालाही सांगता आले नसते. त्याला एवढेच शिकवले होते की आत शिरल्यावर माणसाच्या तोंडाकडे बघायचे नाही, अडसराकडे बघायचे.

"कोन हाय?" पहारेकऱ्याने भाला रोखला.

पोरगा थिजला. शेकोटीच्या उजेडात त्याच्या कपाळावरचा भाजल्याचा डाग दिसला, चंद्रकोरीसारखा, डाव्या भुवईच्या वर. पहारेकऱ्याचा भाला हळूहळू खाली आला.

"म्हाळू? आरं, तू म्हाळू न्हवं? दहिवंडीच्या गोंदामामाचा?"

पहारेकऱ्याचे नाव येसाजी. वय वीस. दहिवंडी गावच्या गोंदजी कुंभाराच्या बहिणीचा तो एकुलता एक लेक, म्हणजे या पोराचा सख्खा आतेभाऊ. चार वर्षांचा म्हाळू मडकी भाजायच्या आव्यावर पडला होता तेव्हा याच येसूने त्याला पाठुंगळी मारून वैद्याकडे पळवत नेले होते. तो डाग तो कसा विसरेल?

"मामीनं तुजं दिवस घातलं रं!" येसाजी म्हणाला. "समद्यांनी तुला मेला म्हनून आंघूळ केली. आन् तू जित्ता हायेस!"

घरच्या माणसाला हत्यार हातात धरून भेटू नये, अशी त्या मुलखाची रीत होती. येसाजीने भाला भिंतीला टेकवून ठेवला आणि दोन्ही हात पसरले. त्या क्षणी त्या पोराने तोंडाकडे बघितले होते, ओळखलेही होते. पण सहा वर्षांची सवय आणि पोटातला अफूचा खडा यांनी त्याचे हात आधीच अडसरावर नेले होते. लाकूड करकरले.

"थांब, आरं, काय करतुयास, म्हाळू!" येसाजी रिकाम्या हातांनी पुढे धावला.

दिंडी दरवाजा धाडकन उघडला आणि आत शिरलेल्या पहिल्या लुटारूची तलवार येसाजीच्या मानेवर पडली. तोंडातले शेवटचे नाव पुरते विरले नव्हते. मुंडकी उडाली, निशाण उतरले, आणि सूर्य डोंगरावर यायच्या आत सोनकडा रायाजीरावाचा झाला. चिमण्याला गुळाचा खडा मिळाला. त्याने तो खाल्ला नाही. कंबरेच्या फडक्यात बांधून ठेवला.

आठव्या दिवशी सिधोजीराव परतले. बनावट खलित्याचा उलगडा त्यांना वाटेतच झाला होता. त्यांनी गडाला मोर्चे लावले, उत्तरेच्या दरवाज्यासमोर दोन तोफा चढवल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मारा सुरू करायचा हुकूम दिला. ही बातमी कळताच रायाजीराव हसला.

"किल्लेदार मोठे धर्मभीरू आहेत," तो आपल्या सोबत्यांना म्हणाला. "पथकातली अकराही पोरे उद्या उजाडताच दरवाज्यावरच्या तटाला बांधा. पाहू या, पोरांच्या अंगावर गोळा टाकायला कोणाचा हात धजतो ते. आणि धजलाच, तर पोरांना काय तोटा आहे? खेडी पुष्कळ आहेत."

पाण्याची घागर घेऊन आलेल्या चिमण्याने हे ऐकले. अकरा पोरांतले सगळ्यात धाकटे सात वर्षांचे होते आणि झोपेत अजून आईला हाका मारत असे.

आठ दिवस त्याने अफू खाल्ली नव्हती. जे अफूला लागले आहेत त्यांनाच या वाक्याची किंमत कळेल. त्याचे हाडन्‌हाड ठणकत होते, अंगाला दरदरून घाम सुटत होता, पोटात काही ठरत नव्हते. पण रोज मिळणारा खडा तो कंबरेच्या फडक्यात बांधत गेला, का ते त्याचे त्यालाही आधी ठाऊक नव्हते. आता ठाऊक झाले. त्या दुपारी, ऊन डोक्यावर आले असता, दरवाज्यावरच्या चौघांचे जेवण घेऊन जायची पाळी त्याने मागून घेतली आणि ते आठही खडे गुळवणीत विरघळवले. चौघे जेवले, ढेकर देऊन भिंतीला टेकले, आणि तासाभरात त्यांच्या माना कलल्या.

पोराने अडसराला हात घातला. त्याच दगडावर, अडसराच्या खालच्या खोबणीपाशी, येसाजीचे रक्त वाळून काळे पडले होते. जड लाकूड दोनदा हातातून निसटले. तिसऱ्यांदा निघाले. भर दुपारच्या उन्हात तो एकटा, उघडा, हात वर करून दिंडीबाहेर आला आणि खाली रोखलेल्या पन्नास बंदुकांसमोर उभा राहून ओरडला, "उघडलंय! दार उघडलंय! आत पोरं हायती, तोफ टाकू नका!"

संध्याकाळच्या आत गड परत आला. पळू पाहणारा रायाजीराव दक्षिणेच्या कड्यावरून पडून मेला, आणि अकराच्या अकरा पोरे जिवंत राहिली.

दुसऱ्या दिवशी किल्लेदारांनी सदर भरवली. मानकरी आपापल्या जागी बसले, कारकुनाने दौत-लेखणी सज्ज केली, आणि त्या पोराला समोर उभे करण्यात आले.

"मुला," सिधोजीराव म्हणाले, "ज्या दरवाज्यासाठी आम्ही शंभर माणसे खर्ची घालायला निघालो होतो, तो तू एका जिवावर उघडून दिलास. आमच्या घरातल्या कर्त्या माणसालाही हे साधले नसते. हे रुप्याचे कडे घे. आमच्या शिबंदीत चाकरी घे. चार वर्षांत तुला घोडा देऊ. बोल, काय पाहिजे?"

"घरी जायाचंय," पोरगा म्हणाला.

सदरेवर काही जण हसले. सिधोजीराव हसले नाहीत.

"जाशील. तत्पूर्वी एक गोष्ट दप्तरी नोंदायची आहे. पहिल्या दिवशी पहाटे दिंडी कोणी उघडली?"

पोराने तोंड उघडले. नेमक्या त्याच वेळी कारकुनाने, कामात अति तत्पर असणाऱ्या माणसांच्या सवयीने, मान वर न करताच उत्तर दिले, "फितूर हवालदाराने, सरकार. तसेच लिहिले आहे." किल्लेदारांनी मान डोलावली. पोराचे तोंड मिटले. त्याने खोटे सांगितले नाही, एवढेच. पण ते न बोललेले त्याच्याबरोबर गड उतरले, आणि चार कोस चालून दहिवंडीपर्यंत गेले.

गावात त्याच्याआधी किल्लेदारांचे पत्र पोहोचले होते. पाटलांनी ते चावडीवर वाचून दाखवले. गोंदजी कुंभाराचा मेलेला लेक जिवंत आहे, त्याने शत्रूच्या हातून किल्ला सोडवला, सबब त्याचा मान राखावा. गाव वेशीवर लोटला. पोराची आई भिवरा सगळ्यांच्या पुढे धावत सुटली, आणि हाताच्या अंतरावर आल्यावर गावच्या जोशांनी, अनंतभटांनी, काठी आडवी धरून तिला थांबवले.

भटजी दुष्ट नव्हते. शास्त्र तसे होते. तीन वर्षांमागे लुटारूंच्या जळालेल्या तळावर म्हाळूचा चांदीचा करदोटा सापडला होता. त्यावरून पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला गेला होता, पिंड झाले होते, कावळा शिवला होता. ज्याचे और्ध्वदेहिक झाले तो उंबरा ओलांडून घरात येऊ शकत नाही. त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागतो. मोठ्या कुंभात बसून तो फोडून बाहेर यायचे, नाळ कापल्याचा विधी करायचा, आणि बारसे करून नाव ठेवायचे. आणि बारशाला नाव कोण ठेवते? आत्या.

"मुहूर्त माघात निघतो," अनंतभट म्हणाले. "तोवर याने आव्याच्या खोपटात राहावे. आईने शिवू नये. पूर्वीचे नाव घेऊ नये. ते गेलेल्याचे नाव आहे."

"दोन म्हैनं?" भिवराने विचारले. "सा वर्सं म्या त्येला शिवले न्हाई, भटजीकाका."

"मग दोन महिने काही जड नाहीत, पोरी," भटजी म्हणाले, आणि बोलल्यावर त्यांचे त्यांनाच ते बरे वाटले नाही.

असे ते दोन महिने गेले. गावकुसाबाहेर, राखेच्या ढिगांच्या मध्ये, गवताने शाकारलेले खोपट. भिवरा सकाळ-संध्याकाळ भाकरी एका दगडावर ठेवी, दहा पावले मागे सरे आणि बसून राही. तो भाकरी उचली ती चोरासारखी, दाराकडे तोंड करून, आणि अर्धी कंबरेला बांधी. पहिले वीस दिवस अफूने त्याची हाडे मोडली. तो लोळे, ओरडे, दगडावर डोके आपटी. आई दहा पावलांवर बसून स्वतःच्या पदराचा बोळा तोंडात कोंबून घेई. शास्त्राला एवढेही कळू नये? मला तरी त्या शास्त्राचा राग येतो. पण त्याच शास्त्रात मेलेल्याला परत घ्यायची वाटही होती, हेही खरे आहे. पुष्कळ गावांपाशी तीही नसते.

अंगातले विष उतरल्यावर गोंदजीने त्याला चाकापाशी बसवले. चाक फिरले, मातीचा गोळा मध्यावर आला, आणि पोराचा हात लागताच वाकडा होऊन उडाला. पुन्हा तेच. दहादा तेच.

"दाबू नगंस," बाप म्हणाला. "तू मातीला धरतुयास जनू ती पळून जानार हाय. तिला कुटं जायाचंय? हात निवू दे आदी."

"निवत न्हाईत, बा."

"निवतील. आवा बी तीन दिस निवतो, मंग उघडावा. घाई केली की समदी मडकी तडकत्यात."

त्या दिवसांत त्याच्याकडे रोज येणारे माणूस आणखी एकच होते. त्याची आत्या, गिरजा. गोंदजीची धाकटी बहीण, गावातच वरच्या आळीत दिलेली. येसाजीची आई. तिलाही त्याला शिवता येत नव्हते, पण ती लांब बसून बोलत राही. लेक गेल्याला तीन महिनेही झाले नव्हते; तिच्या हातातल्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होत्या इतकी ती वाळली होती. तिचे सगळे बोलणे एकाच ठिकाणी येऊन थांबे.

"ज्यांनी माज्या येसूला मारलं त्यांच्यावर तू दार उघडलंस," ती म्हणे. "देवानंच तुला तितं धाडलं व्हतं. बारशाला म्या हिरवं लुगडं नेसनार हाय. सुतकाची बाय हाय म्हनून कोनी बोललं तर बोलू द्या. माज्या येसूचं उसनं फेडलंस तू. तुजं नाव म्या न्हाई ठेवायचं तर कुनी?"

ती गेली की पोरगा खोपटाच्या मागे जाऊन ओकत असे. आईबापांना वाटे, अफूचे शेवटचे विष निघते आहे.

बापाने तोवर रांजण घडवायला घेतला होता. दहिवंडीत असा रांजण कोणी पाहिला नव्हता. कमरेएवढ्या उंचीचा, माणूस गुडघे पोटाशी घेऊन आत मावेल एवढा, चाकावर न मावणारा, म्हणून वळ्या लावून, थापटण्याने थापटून आठ दिवसांत उभा केलेला. गोंदजीने त्याच्या गळ्याभोवती आपल्या घराण्याची तीन रेघांची नक्षी काढली. फोडायच्या भांड्यावर नक्षी कशाला, असे कोणी विचारले तेव्हा तो म्हणाला, "पोराचा जलम हाय. उघडाबोडका कसा करू?"

बारशाच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, पोरगा खोपटातून निघाला आणि वरच्या आळीत गेला. मुहूर्ताआधी त्याने गावात पाऊल टाकायचे नव्हते. बायकांनी दारे लावून घेतली. गिरजाआत्या ओट्यावर उद्याच्या बारशासाठी हरभरे निवडत बसली होती. तो अंगणात थांबला, दहा पावलांवर.

"आत्या, उद्या येऊ नगंस. न्हाईतर आदी ऐक, आन् मंग ये."

"काय रं?"

"पैल्या दिशी दार म्याच उघडलं."

तिच्या हातातले सूप थांबले.

"हवालदारानं न्हाई. म्या. मोरीतनं वर आलो. देवडीत येसूदादा व्हता. त्यानं भाला धरला व्हता, आत्या. त्यो मला मारू शकला असता. त्यानं हा डाग बगितला. 'म्हाळू' म्हनला. भाला भित्तीला लावला आन् मला जवळ घ्याया आला." पोराचा आवाज सपाट होता, जणू तो दुसऱ्याचे सांगत होता. "म्या त्येला वळखलं व्हतं. वळखून म्या अडसर काडला. त्यो हाका मारत ऱ्हायला. मला वळखलं नसतं तर त्यो वाचला असता."

अंगणात एक कोंबडी हरभऱ्यांच्या दिशेने आली. कोणी तिला हाकलले नाही.

गिरजा उठली, सूप तिथेच टाकून आत गेली, आणि आतून अडसर लागल्याचा आवाज आला. पोराला तो आवाज फार ओळखीचा होता. फक्त आजवर तो नेहमी उलट ऐकला होता, निघताना. तो खोपटाकडे परत गेला. भिवराने विचारले, "कुटं गेला व्हतास?" त्याने सगळे सांगितले. तिने कपाळाला हात लावला आणि तशीच बसून राहिली. कारण गोंदजीला बहीण एकच होती, आणि आत्याशिवाय ठेवलेले नाव, भटजींच्या शास्त्राप्रमाणे, पाण्यावर काढलेली रेघ होती. नाव नाही तर उंबरा नाही. पोरगा जन्मभर राखेच्या ढिगात राहणार होता.

माघातल्या त्या सकाळी सगळा गाव आव्यापाशी जमला. रांजणात तूप-पाणी ओतले, पोराला आत बसवले, रांजणाच्या तोंडावर नवे कोरे फडके बांधले. आत अंधार होता, गुडघे छातीला टेकले होते, ओल्या मातीचा वास येत होता. आणि मोरीच्या सवयीने त्याचे हात आपोआप वर, पुढे, अडसर शोधू लागले. इथे अडसर नव्हता. भिंतीच्या पलीकडून अनंतभटांचे मंत्र येत होते. ते संपले.

"फोड, गोंदजी," भटजी म्हणाले.

ज्याने जन्मात आपल्या हातचे चांगले मडके फोडले नव्हते त्याने थापटणे उचलले. पहिला घाव बसेना. दुसऱ्या घावाला रांजण तडकला, तिसऱ्याला दुभंगला, आणि खापरांच्या ढिगात ओलाचिंब पोरगा वाकलेला दिसला. भिवरा धावली. आता तिला कोणी अडवले नाही. तिने त्याला छातीशी धरले आणि तिच्या तोंडून जो हंबरडा फुटला तो बाळंतिणीचा की मयताचा, हे तिथल्या एकाही बाईला सांगता आले नाही.

पण पाळणा नुसताच हलत होता. लाकडी पाळण्यात एक धोंडा ठेवला होता, पोराच्या जागी, कारण चौदा वर्षांचा पोर पाळण्यात मावत नाही. बायका गाणे म्हणायच्या थांबल्या होत्या. मुहूर्त सरत होता. अनंतभटांनी दोनदा सूर्याकडे पाहिले.

"आत्याबाई कुठे आहेत?"

गोष्ट रातोरात गावभर झाली होती.

मग बायकांची गर्दी मधून बाजूला झाली. गिरजा आली होती. हिरवे लुगडे नव्हते; कालचेच, मळके, नेसूचे. डोळे सुजून बारीक झाले होते. ती पाळण्यापाशी थांबली नाही. सरळ पोरासमोर आली. पोराने मान खाली घातली.

भिवरा पुढे झाली. तिने नणंदेचे पाय धरले. "वन्सं, येसूचं नाव ठेवा ह्येला. तुमचा लेक म्हनून वाढवा. म्या देते तुमास्नी."

"न्हाई," गिरजा म्हणाली. "माज्या येसूचं नाव येसूपाशी ऱ्हाऊ दे. त्ये कुनाला द्याया त्यो काय जुनं पागोटं ठेवून गेला न्हाई." मग ती पोराला म्हणाली, "काल सांगितलंस त्ये परत सांग. शेवटाला त्यो काय म्हनला?"

"म्हाळू," पोरगा म्हणाला.

"किती येळा?"

"तीन. तिसऱ्या येळी..."

"रागानं म्हनला?"

पोराने मान हलवली. नाही.

गिरजाने डोळे मिटले. मग तिने त्याचे ओले डोके दोन्ही हातांत धरून आपल्याकडे ओढले, रीतीप्रमाणे कानाशी तोंड नेले आणि 'कुर्रर्र' केले. तो आवाज फाटका निघाला.

"म्हाळू," ती म्हणाली.

"अहो आत्याबाई," अनंतभट दचकून म्हणाले, "ते नाव गेलेल्याचे आहे! शास्त्राने नवे अक्षर..."

"शास्तर तुमचं," गिरजा वळून म्हणाली, "लेक माजा. त्येच्या तोंडातनं ह्ये नाव निगालं आन् मागं काय बी निगालं न्हाई. त्ये म्या मातीत जाऊ देत न्हाई. ज्याला हाक मारली त्यानं त्ये जलमभर ऐकावं." ती पुन्हा कानाशी वाकली. "म्हाळू. म्हाळू."

तीनदा झाले.

आत्याने कुर्र केले की जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत थट्टेने बुक्के घालायचे, अशी रीत. कोणाचाच हात उठला नाही. शेवटी भिवराने एक मूठ तिच्या पाठीवर ठेवली आणि तशीच राहू दिली, आणि मग दोघी नणंद-भावजया त्या ओल्या पोराला मध्ये घेऊन खापरांत बसल्या. अनंतभटांनी पंचांग मिटले. कोणते अक्षर निघाले होते ते त्यांनी कोणालाही सांगितले नाही.

गिरजाने त्याला क्षमा केली असे मी म्हणणार नाही. त्यानंतर वर्षभर ती त्याच्याशी बोलली नाही. म्हाळू बापाच्या चाकावर बसू लागला. पहिल्या वर्षी त्याची मडकी वाकडी होत, दुसऱ्या वर्षी पाणी धरू लागली. किल्लेदारांचे रुप्याचे कडे त्याने येसाजीच्या नावाच्या दगडाखाली पुरले आणि त्यांचे घोड्याचे बोलावणे दोनदा परत पाठवले. लग्न झाले, मुले झाली. मुलांना तो आव्याजवळ फिरकू देत नसे, आणि झोपायचे तर नेहमी दाराला पाठ लावून. आयुष्यभर त्याने गूळ खाल्ला नाही.

मात्र बारशाच्या त्या दिवसापासून एक गोष्ट त्याने कधी चुकवली नाही. रोज दिवेलागणीला तो वरच्या आळीत जाई, आत्याच्या अंगणात उभा राही, आणि आतून अडसर लागल्याचा आवाज ऐकूनच परत फिरे. गिरजेलाही ते ठाऊक होते. ती दार लवकर लावत नसे; त्याची पावले वाजली की मगच उठे. पुढे नवरा गेला, ती थकली, जड लाकूड तिच्याने उचलेना, तेव्हा एका संध्याकाळी ती दार सताड उघडे ठेवून उंबऱ्यात बसली.

"म्हाळू," ती म्हणाली, "माज्यानं आता अडसर उचलत न्हाई. तू आत ये आन् लाव."

तो उंबऱ्यापाशी घुटमळला. मग आत आला, दोन्ही हातांनी अडसर उचलला आणि खोबणीत बसवला. त्या रात्री तो तिथेच, दाराला पाठ लावून झोपला.